‘आमचा सेठ’ नेमका कुणाचा?

आपल्या बैठकांत आणि शिबिरांत एक वाक्य मी गेली काही वर्षं सतत ऐकते आहे. शेतमालाचा भाव, अडत, उधारी असले विषय निघाले की कुणीतरी म्हणतं, ‘‘हा शेतकऱ्यांचा प्रश्न झाला. त्याला शेतकरी संघटना आहेत. आपण बायांच्या प्रश्नाकडे वळू या.’’ मग आपण कौटुंबिक हिंसा, दारूबंदी, बचत गट, पंचायतीतलं आरक्षण यांकडे वळतो. हे विषय महत्त्वाचे आहेत, त्यांच्यावरच आपली चळवळ उभी राहिली आहे. पण शेतकरी कुटुंब आणि व्यापारी यांच्यातलं नातं हा बायांचा प्रश्न नाही, हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे. हे नातं पुरुषाच्या नावानं जुळतं, बाईच्या श्रमावर चालतं आणि तुटायची वेळ आली की बाईच्या दारात येऊन उभं राहतं. ज्या नात्याची किंमत बाई मोजते आणि ज्याच्या वहीत तिचं नावसुद्धा नसतं, ते आपल्या विषयपत्रिकेवर येणार नसेल तर दुसरं काय येणार?

मी यवतमाळ जिल्ह्यात काम करते. कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली पिकं, आणि बरीचशी शेती कोरडवाहू. इथल्या बायांच्या तोंडी ‘सावकार’ हा शब्द फारसा येत नाही. येतो तो ‘सेठ’, आणि तोही नुसता नाही, ‘आमचा सेठ’. प्रत्येक घराचा सेठ ठरलेला असतो. कुणाचा सासऱ्यापासूनचा असतो, कुणाचा दिरानं गाठून दिलेला. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला जी सावकारी शिकवली ती सिनेमातल्यासारखी होती. लाल वही, चष्मा, गहाण पडलेले दागिने. प्रत्यक्षात मला भेटला तो कृषी केंद्राच्या काउंटरमागे बसलेला पस्तिशीचा, शिकलेला, गोड बोलणारा माणूस. तो बियाणं विकतो, खत विकतो. पऱ्हाटीच्या पानावर डाग पडला की पान पाहून औषध सांगतो आणि ते औषध तोच विकतो. पैसे नसले तर ‘माल आल्यावर द्या, पळून चाललात काय’ म्हणतो. माल आला की तोच, नाहीतर त्याचा भाऊ किंवा मेहुणा, तो विकत घेतो. दुकानदार, सल्लागार, सावकार आणि गिऱ्हाईक असा चौरंगी माणूस. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. दुकानदाराच्या सल्ल्यानं दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारायची पद्धत तेव्हा चर्चेत आली होती. चर्चा थोड्याच दिवसांत विरली. सल्ला देणारा तोच राहिला, कारण उधारी देणाराही तोच होता.

या व्यवहाराचं वर्षभराचं चक्र आपल्यापैकी शहरात काम करणाऱ्या मैत्रिणींना माहीत असेलच असं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मृगाच्या आधी घरात रोकड नसते. सोसायटीचं पीककर्ज मागचं थकलेलं असतं, किंवा मिळतं तेव्हा पेरणी होऊन गेलेली असते. मग सेठ. त्याच्याकडे रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. या दोन भावांमधला फरक म्हणजेच व्याज, पण त्याला कुणी व्याज म्हणत नाही आणि ते कुठे लिहिलेलंही नसतं. वहीत लिहिली जाते ती वस्तू आणि तिचा उधारीचा भाव. पावती बहुतेकदा मिळत नाही, मिळाली तर साध्या चिठोऱ्यावर. पुढे निंदणाची मजुरी द्यायला हजार-दोन हजार रोख, पोळ्याला थोडे, दिवाळीला थोडे. हे सगळं त्याच पानावर चढत जातं.

दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो. आता सेठचा निरोप येतो, ‘गाडी पाठवतो.’ याला आमच्याकडे खेडा खरेदी म्हणतात. माल घरातून उचलला जातो, काटा सेठचा, भाव सेठनं सांगितलेला. ओल आहे म्हणून एवढे किलो वजा, कवडी आहे म्हणून तेवढे, घट म्हणून आणखी थोडे. उरलेल्या रकमेतून उधारी कापून घेतली जाते. हातात काय येतं ते नवऱ्याच्या हातात येतं. बाजार समितीत लिलाव असतो हे सगळ्यांना माहीत आहे. कापूस महामंडळाची म्हणजे सीसीआयची खरेदी असते, तीही माहीत आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला, हेही बायांना पाठ असतं. पण सेठचा माल दुसरीकडे नेला तर पुढच्या जूनमध्ये बियाणं कोण देणार? भाव विचारण्याचा हक्क जूनमध्येच देऊन टाकलेला असतो. नोव्हेंबरमध्ये तो परत मागता येत नाही.

आता या चक्रात बाई कुठे आहे ते पाहू. बी टोबणारी ती. निंदण तिचं. वेचणी तर पूर्णपणे बायांची, वाकून, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं फाडून घेत. भाव वाढेल म्हणून कापूस घरात ठेवला तर त्या गंजीशेजारी मुलांना घेऊन झोपणारी आणि अंगभर खाज सोसणारी तीच. देशातल्या ग्रामीण कामकरी बायांपैकी चारातल्या तिघी शेतीत आहेत. आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहिवाटीच्या खातेदारांमध्ये बाया जेमतेम १४ टक्के. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून सोसायटीत खातं नाही, सोसायटीत खातं नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि सेठच्या वहीत तर तिला जागाच नाही. तिथे ‘अमक्याची बायको’ म्हणूनही नोंद नसते. सेठ तिला ‘वहिनी’ म्हणतो. बोलायला किती गोड शब्द आहे! दुकानात गेलं की ‘वहिनी, पाणी घ्या.’ पण खात्यावर किती आहे असं वहिनीनं विचारलं, तर ‘भाऊंना पाठवा, त्यांना सांगतो.’

उपकाराचं ओझं

इथे बाया मला अडवतात, आणि त्यांचं म्हणणं बाजूला सारून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ‘‘ताई, सेठले नावं ठेवू नका,’’ एका गावात एक वयस्कर बाई मला म्हणाल्या. ‘‘माह्या पोरीच्या बाळंतपणाले राती दोन वाजता सेठनंच गाडी देल्ली. बँकवाला राती फोन उचलते काय?’’ नाही उचलत. बँक तिच्या दारात कधी आलेली नाही, आणि ती बँकेत गेली तेव्हा तिला बाकावर तासन्‌तास बसवून ठेवलं गेलं. सरकारची अवस्था याहून वेगळी नव्हती. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये आली ती व्यापाऱ्याच्या हातून शेतकऱ्याला सोडवायला. पण तिचे चुकारे महिनोन्‌महिने रखडायचे, आणि रोकड हवी म्हणून माणसं कमी भावात पुन्हा व्यापाऱ्यालाच कापूस द्यायची. सीसीआयच्या केंद्रावरही कागद, नोंदणी, ओल मोजणं आणि गाड्यांची रांग. १२ टक्क्यांच्या वर ओल भरली की गाडी परत. भाड्यानं आणलेली गाडी परत नेणं काय असतं, ते ज्याच्या खिशात भाड्याचे पैसे नाहीत त्याला विचारा. सेठ मात्र ओला माल घेतो. वजा करतो, पण घेतो.

म्हणजे सेठ टिकून आहे तो लोक अडाणी आहेत म्हणून नाही. बाकीच्यांनी पाठ फिरवली म्हणून तो टिकला. पण रात्री दोनची गाडी ही काही भूतदया नव्हे. तिची किंमत दर हंगामात, दर क्विंटलमागे वसूल होते, आणि ती कुठे लिहिलेली नसल्यामुळे कधी फिटतही नाही. रोख्यावरचं कर्ज निदान कधीतरी संपतं. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांचे रोखे आणि दस्तऐवज जाळले, कारण जाळायला काहीतरी कागद होता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात सावकारानं पावती द्यावी, हिशोबाचा उतारा द्यावा अशी कलमं आली. आजच्या सेठकडे जाळण्यासारखं काही नाही आणि दाखवण्यासारखंही काही नाही. त्याच्याकडे फक्त आठवण आहे. आपल्याकडेही उपकाराची आठवण तेवढी आहे.

उपकार फेडण्याचं काम घरात कुणाच्या वाट्याला येतं? वसुलीचा माणूस येतो तेव्हा घरधनी मागच्या दारानं वावरात जातो आणि दारात बाई उभी राहते. ‘‘घरी नाहीत.’’ हे वाक्य किती बायांनी किती वेळा म्हटलं असेल! समोरचा माणूस ते खोटं आहे हे जाणून असतो, तरी ओसरीवर बसून राहतो, चहा मागतो, आत नजर टाकतो, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतो. काही जणींनी मला खालच्या आवाजात याहून अधिक सांगितलं आहे, ते त्यांच्या परवानगीशिवाय मी इथे लिहिणार नाही. पुरुषाची अब्रू वाचावी म्हणून बाई आपली अब्रू दारात मांडते. याला आपल्याकडे ‘संसाराला साथ देणं’ म्हणतात. आणि साथ कमी पडली की डोरलं आहेच. गावातली किती डोरली जूनमध्ये तालुक्याला जातात आणि किती जानेवारीत परत येतात, याची नोंद एकदा आपण ठेवायला हवी.

वहीची तीन पानं

काही वर्षांपूर्वी मी काम करत असलेल्या एका गावात एका शेतकऱ्यानं आत्महत्या केली. बायको तिशीतली, दोन मुलं. सासरा थकलेला. त्याच्यावर सोसायटीचं कर्ज होतं म्हणून प्रकरण ‘पात्र’ ठरलं. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, ३० हजार रुपये धनादेशानं आणि ७० हजार ठेवीत. पात्रतेसाठी कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं हवं. सोसायटीचं कर्ज होतं म्हणून ती सुटली. पण घरातलं मोठं देणं सोसायटीचं नव्हतंच, सेठचं होतं. ते सरकारदरबारी देणंच नव्हतं. ज्या देण्यापायी माणूस झोपेतून दचकून उठायचा, ते देणं फॉर्मवर लिहायला रकानाच नाही! मग ज्याचं फक्त सेठचंच देणं असेल, त्याची बायको ‘अपात्र’. आपल्या जिल्ह्यांमध्ये अपात्र ठरलेल्या बायांना विचारा, हे काही अपवादानं घडत नाही.

तेरावं झाल्यावर सेठ स्वतः आला. रागानं नाही, हात जोडून आला. ‘वहिनी, काळजी करू नका, मी आहे.’ मग त्यानं वहीची तीन पानं दाखवली. नाव नवऱ्याचं, सही कुणाचीच नाही, दोन ठिकाणी एकाच तारखेला तेच खत. तिला त्या आकड्यांतलं काही माहीत नव्हतं, कारण तिला कधी सांगितलंच गेलं नव्हतं. धनादेशाचे ३० हजार आले आणि त्यातले बहुतेक सेठकडे गेले. मी तिला विचारलं, का दिलेस? तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हा प्रश्न शिकलेली बाईच विचारू शकते. म्हणाली, ‘‘नाही देल्ले तर मिरगात बी कोण देईल ताई, तुमी?’’

विधवा झाल्याबरोबर सेठच्या लेखी ती एकदम ‘खातेदार’ झाली होती. नवरा जिवंत असताना तिला हिशोब विचारायचा हक्क नव्हता, नवरा गेल्यावर हिशोब फेडायची जबाबदारी मात्र पूर्ण. देणं वारसानं येतं आणि जमीन येत नाही, असाही प्रकार पुष्कळ ठिकाणी आहे. वारसनोंदीला सासरकडचे अडून बसतात. माहेरी तिचा वाटा होता, महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं, पण तो तिनं भावाच्या प्रेमापोटी हक्कसोड करून कधीच सोडलेला असतो. बाई स्वतः जीव देते तेव्हा तर तिची नोंद ‘गृहिणी’ अशी होते. वावरात राबलेली वर्षं तिच्या मरणाबरोबर पुसली जातात.

आपले मित्र काय म्हणतात

शेतकरी संघटनेच्या मित्रांशी माझा या विषयावर अनेकदा वाद झाला आहे. त्यांची मांडणी अशी की खरी लूट सरकारी धोरणाची. निर्यातबंदी, आयात, पाडलेले भाव हे खरे शत्रू, व्यापारी हा बिचारा मधला माणूस. भाव मिळाला तर सेठ आपोआप सुटेल. धोरणाबद्दलचं त्यांचं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. याच संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’त बायकोच्या नावे जमीन करण्याचा कार्यक्रम घेतला, हे आपण विसरता कामा नये. आपल्या शहरी संघटनांनी तेव्हा त्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही असं माझं मत आहे. पण भाव वाढला म्हणजे बाईचा सेठ सुटला, हे कशावरून? वाढलेला भाव कुणाच्या खात्यात जमा होणार? पंजाबात वर्षानुवर्षं गव्हाचे पैसे अडत्यामार्फत मिळत. एप्रिल २०२१ पासून ते थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जाऊ लागले. चांगलंच झालं. पण तिथेही ‘शेतकरी’ म्हणजे कोण, हे जमिनीचा कागदच ठरवतो. मधला माणूस कागदावरून गेला म्हणून पुरुषाच्या मागे उभी असलेली बाई आपोआप पुढे येत नाही.

दुसरीकडे काही डावे मित्र आहेत. त्यांना सेठ म्हणजे वर्गशत्रू, विषय संपला. त्यांना मी म्हणते, एकदा जूनमध्ये गावात येऊन राहा. सेठला शिव्या देऊन सभा जिंकता येते, बियाणं मिळत नाही. शिवाय ही साखळी सेठपाशी संपत नाही. सेठ भाव कापतो, मग शेतकरीण वेचणीची मजुरी कापते. वेचणाऱ्या बाया बहुतेक दलित, आदिवासी, भूमिहीन घरांतल्या. त्यांचा ‘सेठ’ म्हणजे ती शेतकरीणच, किंवा गावातला किराणावाला. दिवाळीला ती त्यांना जुनं लुगडं देते, आगाऊ शंभर-दोनशे देते आणि वेचणीच्या दिवसांत ‘आमच्याच वावरात यायचं’ असं बजावते. उपकार आणि बांधीलकी यांचं तेच गणित, फक्त एक पायरी खाली. ‘शेतकरी महिला’ असा एकच शब्द वापरून आपण या दोघींना एका सतरंजीवर बसवतो, तेव्हा कोण कुणाची देणेकरी आहे हेही विचारलं पाहिजे. नाहीतर सेठविरुद्धचा लढा जमीनवाल्या बायांचाच होऊन बसेल.

आणि आता आपला स्वतःचा लाडका कार्यक्रम, बचत गट. १९९२ मध्ये नाबार्डनं गट बँकेशी जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून ‘गटामुळे सावकारी हटली’ हे वाक्य प्रत्येक अहवालात सापडतं. माझ्या कामात मी जे पाहते ते असं आहे. गटाचं कर्ज घरखर्चाला, मुलांच्या फीला, आजारपणाला पुरतं. ही मोठीच गोष्ट आहे. पण पेरणीचं भांडवल गटातून उभं राहत नाही, आणि गटाच्या बैठकीत सेठचं नावही निघत नाही. त्यातच गल्लोगल्ली मायक्रोफायनान्स कंपन्या आल्या. त्यांना बाईच हवी असते, कारण ती घर सोडून पळत नाही आणि शेजारणींना लाजते. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात या कंपन्यांच्या वसुलीवरून सरकारला वटहुकूम काढावा लागला, हे आपल्याला आठवत असेल. आता नवऱ्याच्या नावानं सेठ आणि बायकोच्या नावानं कंपनी अशी वाटणी झाली आहे. सेठचा तगादा वाढला की बाई कंपनीचं कर्ज उचलते आणि सेठला देते. तिच्या नावावरच्या कर्जानं नवऱ्याचं खातं फिटतं आणि हप्ता आठवड्याच्या आठवड्याला ती मजुरीतून भरते. मार्च २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये. फार चांगला नियम. पण हप्ते मोजताना सेठची उधारी कोण मोजणार? ती कुठल्याच संगणकात नाही. अहवालात मात्र ‘महिलेला कर्जपुरवठा’ असा एक आकडा वाढतो आणि त्याला सक्षमीकरण म्हणतात!

मग करायचं काय, असं कार्यकर्त्या विचारतात. सेठ हटाव म्हणून सेठ हटणार नाही. आमच्या शेजारच्या गडचिरोली-गोंदियात २०१३ पासून काही ग्रामसभांनी वनहक्क आणि पेसाच्या आधारे तेंदूपानाचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. व्यापारी तिथेही आहे, त्याच्याशिवाय पान विकलं जात नाही. काही ठिकाणी ठेकेदारांनी पैसे थकवलेही. पण भाव चारचौघांत बोलला गेला आणि कागदावर आला, म्हणजे ‘आमच्या सेठ’शी एकट्यानं, उपकाराखाली वाकून बोलायची पाळी गेली. पानं तोडणाऱ्या आणि पुडके बांधणाऱ्या बहुसंख्य बायांना ग्रामसभेत दर माहीत झाला. त्यांच्याकडे सामूहिक हक्काचा कागद आहे आणि आमच्याकडे कापसाच्या पट्ट्यात तो नाही, हा फरक मोठा आहे, हे मला कळतं. पण उघड्यावर आणणं आम्हालाही अशक्य नाही.

सुरुवात अगदी साध्या कागदापासून करावी असं माझं म्हणणं आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे आणि बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा. दोन्हींप्रमाणे दुकानदारानं रोखीचं असो वा उधारीचं, बिल दिलंच पाहिजे. हा आजचा कायदा आहे, नवा मागायचा नाही. एकटी बाई गेली तर सेठ ‘भाऊंना पाठवा’ म्हणेल. गटाच्या वीस जणी एकदम गेल्या तर काय म्हणेल ते पाहायला मला आवडेल. बिलावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव. माल विकल्यावर हिशोबपट्टी हवी, तीही दोघांच्या नावानं, त्यात वजा केलेला प्रत्येक किलो वेगळा लिहिलेला. उधारीची वही घरातही हवी, आणि ती बाईच्या हातात. जी पोरं शाळेत जातात त्यांना ती लिहिता येते. बाजार समितीच्या संचालक मंडळात १८ पैकी २ जागा बायांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर बसलेल्या बायांना आपण कधी भेटायला गेलो आहोत का? त्यांना काट्याजवळ, लिलावाच्या ओट्यावर उभं राहायला कुणी सांगितलं आहे का? आणि सरकारकडे मागायचं ते हे की आत्महत्येच्या प्रकरणात बिगरपरवाना व्यापाऱ्याचं देणंही देणं म्हणून धरलं जावं, आणि ते देणं बिलांशिवाय विधवेकडून वसूल करता येऊ नये. आज पहिल्या गोष्टीत सरकार त्या उधारीला ओळख देत नाही आणि दुसऱ्या गोष्टीत सेठ तिला ब्रह्मवाक्य मानायला लावतो. दोघांचंही फावतं.

यावर सेठ उधारीच बंद करेल, ही भीती खरी आहे. बाया ती बोलून दाखवतात आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. म्हणून एका गावात एका गटानं हे करू नये. तालुक्यातल्या सगळ्या गटांनी एकाच आठवड्यात करावं. पंधरा-वीस गावांची उधारी एकदम बंद करणं कुठल्याच दुकानदाराला परवडत नाही, कारण त्याचाही माल कंपनीकडून उधारीवरच आलेला असतो. त्याच वेळी सोसायटीचं पीककर्ज मेअखेर हातात पडलं पाहिजे, यासाठी तहसीलवर बसावं लागेल. दारूच्या दुकानासमोर आपण बसलो आहोत. हे त्याहून कठीण आहे, कारण दारूवाला आपला कुणी नव्हता आणि सेठ ‘आपला’ आहे. नवरे आडवे येतील. ‘माझ्या सेठकडे माझी इज्जत घालवलीस’ म्हणून घरात मारहाण होण्याची शक्यताही धरून चला, आणि त्यासाठी गावातली समिती आधीच तयार ठेवा.

आमच्या तालुक्यात येत्या हंगामाआधी आम्ही गटाच्या बैठकांत घराघरांतले चिठोरे, पट्ट्या आणि बिलं गोळा करायला घेणार आहोत. ज्या संघटना सोयाबीन, कांदा, हळद किंवा दुधाच्या पट्ट्यात काम करतात, त्यांनी आपल्याकडे उधारी कोणत्या नावानं चालते, कटती कशी होते आणि वहीत बाईचं नाव कुठे दिसतं का, हे लिहून पाठवावं. नावं-गावं झाकून पाठवा, पण आकडे जसेच्या तसे पाठवा.